नामानिराळा

क्रोम प्लेटिंगच्या टाकीत सोडलेल्या विजेपैकी साधारण १० ते २० टक्केच क्रोमियमचा थर चढवण्याच्या कामी येते. उरलेल्या विजेचा मोठा भाग पाणी फोडण्यात जातो. नळाची तोटी, मोटरसायकलचा एखादा भाग, हायड्रॉलिक सिलिंडरचा दांडा, ज्याला चमक किंवा कठीणपणा द्यायचा ते ऋण ध्रुवाला टांगलेले असते आणि त्याच्या अंगावरून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे उठत असतात. समोर धन ध्रुवाला शिशाच्या पट्ट्या असतात. त्यांच्यावर लेड डायऑक्साइडचा तपकिरी थर धरलेला असतो आणि त्या थरावर ऑक्सिजन सुटतो. म्हणजे धातूच्या ऑक्साइडच्या साहाय्याने पाण्यातून हायड्रोजन काढण्याचे काम बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात गेली अनेक वर्षे चालूच आहे. फक्त तिथे तो हायड्रोजन कोणालाही नको आहे.

नको असण्याला कारणे आहेत. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. म्हणून कठीण पोलादाचे भाग प्लेटिंगनंतर भट्टीत सुमारे २०० अंशांवर काही तास तापवून तो बाहेर काढावा लागतो. दुसरे कारण माणसांशी संबंधित आहे. बुडबुडा पृष्ठभागावर येऊन फुटतो तेव्हा टाकीतल्या क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडवतो. टाकीवर वाकून काम करणाऱ्याच्या नाकात ते जातात. नाकाच्या पडद्याला व्रण होतात आणि काळजी घेतली नाही तर पडद्याला भोक पडते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, क्रोममुळे होणारा व्रण होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये हेक्झाव्हॅलंट, म्हणजे सहा-संयुजी, क्रोमियमची संयुगे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली. विष क्रोमियमचे, पण ते टाकीतून उचलून नाकापर्यंत नेणारा वाहक हायड्रोजन.

तुमकुरू रस्त्याने शहराकडे परतताना यशवंतपूर ओलांडले की थोड्याच वेळात भारतीय विज्ञान संस्थेचे आवार लागते. उत्तरेला जक्कूरमध्ये जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. या शहराच्या प्रयोगशाळांत पाणी फोडणारे उत्प्रेरक शोधण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. तिथेही दोन ध्रुव, तिथेही धातूंचे ऑक्साइड, तिथेही बुडबुडे. पण तिथला बुडबुडा गोळा करून मोजला जातो, वहीत लिहिला जातो, त्यावर शोधनिबंध होतात. रसायनशास्त्राला उत्पादन आणि उपद्रव यांतला फरक कळत नाही. तो फरक बिलावर ठरतो.

या दोन टाक्या शेजारी ठेवून मला एक जुना नैतिक प्रश्न विचारायचा आहे. काम करणाऱ्याला कामापासून वेगळे राहता येते का?

*

प्रयोगशाळेतला उत्प्रेरक हा असा वेगळा राहणारा मानला जातो. स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये 'कॅटॅलिसिस' हा शब्द घडवला. शतकाच्या अखेरीस विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी त्याची नेमकी व्याख्या केली, आणि उत्प्रेरणावरील कामासाठी त्यांना १९०९ मध्ये नोबेल मिळाले. त्यांच्या व्याख्येचा आशय असा की उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग बदलतो, पण शेवटी तयार होणाऱ्या पदार्थांत दिसत नाही. शाळेच्या पुस्तकात येईपर्यंत हे वाक्य किंचित सरकले. आपण सगळ्यांनी पाठ केले ते असे: उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग बदलतो, पण स्वतः बदलत नाही.

सरकलेले अंतर लहान दिसते. 'दिसत नाही' आणि 'बदलत नाही' ही मात्र दोन वेगळी विधाने आहेत. पहिले हिशेबाबद्दल आहे: अंतिम मालाच्या यादीत याचे नाव नाही. दुसरे अवस्थेबद्दल आहे: हा होता तसाच राहिला. पहिले अदृश्यतेबद्दल बोलते, दुसरे अलिप्ततेबद्दल.

मराठीत या गोष्टीसाठी एक शब्द आहे, नामानिराळा. गंमत अशी की रसायनशास्त्रात जो गुण आहे तो आपल्या बोलण्यात आरोप आहे. 'सगळं घडवून आणलं आणि स्वतः नामानिराळा राहिला' असे आपण कोणाचे कौतुक करताना म्हणत नाही. हा शब्द वापरणाऱ्या माणसाला एक गोष्ट आधीच कळलेली असते. ज्याचे नाव कुठेही आले नाही त्याचा हात नव्हता असे नाही. भाषेला हे ठाऊक होते. रसायनशास्त्रालाही ते कळले, पण त्याला जरा वेळ लागला.

*

पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ व्होल्टचा दाब पुरतो. प्रत्यक्षात तो पुरत नाही, आणि अडचण मुख्यतः हायड्रोजनच्या बाजूला नसते, ऑक्सिजनच्या बाजूला असते. ऑक्सिजनचा एक रेणू बनायला पाण्याचे दोन रेणू लागतात. त्यांतून चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन काढून घ्यावे लागतात आणि दोन ऑक्सिजन अणूंची गाठ मारावी लागते. एकट्या अणूला एवढा भार झेपणे कठीण. म्हणून धातूचे काही अणू ऑक्सिजनने एकमेकांना बांधून केलेले पुंजके, म्हणजे धातू-ऑक्साइडचे क्लस्टर, संशोधकांना मोलाचे वाटतात. चार इलेक्ट्रॉनांचा भार पुंजक्यातले अणू आपसांत वाटून घेतात.

आम्लात टिकून हे काम करणारा आजचा सर्वांत भरवशाचा पदार्थ इरिडियमचा ऑक्साइड आहे. पण इरिडियम जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघते. तेवढ्यावर जगाचे इंधन उभे राहणार नाही. त्यामुळे कोबाल्ट, निकेल, लोह, मँगनीज अशा तुलनेने मुबलक धातूंकडे सगळ्यांची नजर आहे.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातील क्रेग हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात असाच एक पुंजका मांडला. मध्ये कोबाल्टचे चार अणू आणि दोन्ही बाजूंना टंगस्टन, फॉस्फरस व ऑक्सिजन यांचे कवच. त्यात कार्बन नावालाही नव्हता, म्हणजे ऑक्सिजन तयार करता करता स्वतःच जळून जाईल असा भाग नव्हता. तो पाण्यात विरघळत होता, वेगाने काम करत होता, आणि अखेरीस होता तसा राहतो असे दिसत होते. पाठ्यपुस्तकातला आदर्श उत्प्रेरक जणू सापडला होता.

पुढच्याच वर्षी कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील रिचर्ड फिंके आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक वेगळा प्रश्न विचारला. हा पुंजका काम करतो हे ठीक, पण काम नक्की तोच करतो का? त्यांनी द्रावणात सुटा झालेला कोबाल्ट शोधला. पुंजक्यातून थोडा कोबाल्ट पाण्यात उतरत होता आणि विद्युत-ध्रुवावर कोबाल्ट ऑक्साइडचा पातळ थर होऊन बसत होता. त्यांच्या परिस्थितीत ऑक्सिजन मुख्यतः हा थर बनवत होता. शोधनिबंधावर नाव पुंजक्याचे होते आणि राबत होता त्याच्या अंगावरून गळालेला धातू.

हा वाद तिथे संपला नाही. हिल यांच्या बाजूने उत्तरे आली. विजेऐवजी प्रकाशावर चालणाऱ्या प्रयोगांत, वेगळ्या परिस्थितीत, पुंजका अखंड राहून काम करतो असे पुरावे मांडले गेले. आता बहुतेकांना मान्य असलेली गोष्ट इतकीच आहे की उत्तर परिस्थितीवर ठरते, आणि प्रत्येक वेळी ते तपासून पाहावे लागते. पण या वादाने एक शिस्त पक्की केली. नव्या उत्प्रेरकाने किती हायड्रोजन किंवा ऑक्सिजन दिला एवढे सांगून आता भागत नाही. तो किती फेऱ्या टिकला, आणि प्रयोगानंतर पाण्यात किती धातू उतरला, हेही सांगावे लागते. हे न सांगणाऱ्या निबंधाकडे जाणकार संशयाने पाहतात. 'स्वतः बदलत नाही' हे वाक्य गृहीत धरण्याचे दिवस संपले. ते आता सिद्ध करायचे विधान झाले आहे.

*

कोणी म्हणेल की माणसाने बनवलेले उत्प्रेरक कच्चे असतात, निसर्गाचा तसा नसेल. निसर्गाकडे पाणी फोडणारा उत्प्रेरक एकच आहे आणि तो प्रत्येक हिरव्या पानात आहे. मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि त्यांना बांधणारे पाच ऑक्सिजन. धातू-ऑक्साइडचाच पुंजका. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी त्याची रचना अणू अणू वेगळे दिसावेत इतक्या स्पष्टपणे उलगडली. त्याचे काम कसे चालते याचा अंदाज त्याच्या कितीतरी आधी आला होता. पियरे जोलियो यांनी १९६९ च्या सुमारास प्रकाशाचे क्षणिक झोत एकामागून एक टाकून पाहिले, तेव्हा ऑक्सिजन दर झोताला सुटत नव्हता, दर चौथ्या झोताला उसळत होता. बेसेल कोक यांनी १९७० मध्ये त्याचा अर्थ लावला: हा पुंजका चार पायऱ्या चढतो, प्रत्येक पायरीवर एक इलेक्ट्रॉन गमावतो, आणि चौथ्या पायरीनंतर ऑक्सिजन सोडून पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

इथे आपल्याकडची एक जुनी उपमा आठवल्याशिवाय राहत नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात, आसक्ती सोडून कर्म करणाऱ्याला कमळाच्या पानाची उपमा दिली आहे. पान पाण्यात असते, पण पाणी त्याला चिकटत नाही. ही उपमा कीर्तनातून, प्रवचनातून, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली आहे, आणि अलिप्ततेचे याहून सुंदर चित्र सापडणे कठीण.

पण कमळाचे पान हेसुद्धा हिरवे पानच आहे. वरून त्याच्यावर पाण्याचा थेंब टिकत नाही हे खरे. आत मात्र ते दिवसभर पाणी फोडत असते, आणि ते काम त्याला फुकट पडत नाही. ज्या प्रथिनाच्या कुशीत मँगनीजचा पुंजका बसलेला असतो, ते डी-१ नावाचे प्रथिन उन्हाच्या माऱ्याने सतत मोडत असते. कडक उन्हात त्याचे अर्धायुष्य अर्ध्या तासापर्यंत खाली येऊ शकते. पान मोडलेले प्रथिन काढते, नवे बनवून त्या जागी बसवते आणि पुंजका पुन्हा जुळवते. हे रोज, दिवसभर. कमळाचे पान अलिप्त दिसते ते बाहेरून. आत ते कामाने झिजते आणि झिजलेले भरून काढते. त्याचे टिकणे अस्पर्शाने आलेले नाही, दुरुस्तीने आलेले आहे.

हे लक्षात आल्यावर त्या उपमेची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. पण तिचा एक सोयीस्कर अर्थ बाद होतो. आसक्ती सोडायची ती स्वतःला मिळणाऱ्या फळाची. दुसऱ्याच्या विहिरीत काय उतरले याची चौकशी सोडण्याची मुभा त्यात कुठे नाही. आपण मात्र बहुधा हे दुसरेच सोडतो. फळ नीट मोजून घेतो आणि अलिप्तता परिणामांच्या बाबतीत पाळतो.

*

भोसरी, अंबड किंवा कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी पाहिलेल्या वाचकाला पीण्या अनोळखी वाटणार नाही. १९७० च्या दशकात वसवलेले, हजारो लहान-मोठ्या कारखान्यांचे हे क्षेत्र. लेथ, मिलिंग, प्रेस, पावडर कोटिंग, तयार कपडे, मोटारींचे सुटे भाग आणि प्लेटिंगच्या टाक्या. अशा कारखान्यांतले बहुतेक काम 'जॉब वर्क'चे असते. गिऱ्हाईक कंपनीचे भाग डिलिव्हरी चलनावर येतात, चमकून चलनावरच परत जातात. भाग कंपनीचा, अंतिम माल कंपनीचा, त्यावर छापलेले नाव कंपनीचे. प्लेटिंगवाल्याचे नाव त्या मालावर कुठेही नसते. ओस्टवाल्ड यांची व्याख्या याला तंतोतंत लागू पडते: प्रक्रियेचा वेग वाढवला आणि अंतिम पदार्थात दिसला नाही.

पण त्याच्याकडे काहीतरी मागे राहते. क्रोम प्लेटिंगच्या रूढ टाकीत एका लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड आणि त्याच्या शंभरपटीने कमी गंधकाम्ल असते. त्या दाट, आम्लधर्मी द्रावणात क्रोमियम आणि ऑक्सिजन दोन-दोन, तीन-तीन अणूंच्या साखळ्या करून राहतात. तेही धातू-ऑक्साइडचे छोटे पुंजकेच. टाकीतून काढलेला प्रत्येक भाग द्रावणाचा थोडा अंश अंगावर घेऊन येतो आणि तो पुढच्या टाकीत धुतला जातो. त्या धुवणात क्रोमियम असते. ते बाहेर सोडण्यापूर्वी मेटाबायसल्फाइटसारख्या रसायनाने सहा-संयुजीचे तीन-संयुजी करायचे, मग चुना घालून गाळाच्या रूपात खाली बसवायचे, आणि तो गाळ घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवायचा, अशी रीत आहे. ही रीत अवघड नाही. तिला रसायने, जागा, माणूस आणि पैसे लागतात, एवढेच. ती जिथे पाळली जात नाही तिथून क्रोमियम जमिनीत उतरते.

सहा-संयुजी क्रोमियमचा स्वभाव इथे घात करतो. तीन-संयुजी क्रोमियम मातीला धरून राहते. सहा-संयुजी मात्र क्रोमेटच्या रूपात ऋणभारित असते. मातीचे कणही बहुतांशी ऋणभारित, त्यामुळे ते मातीला फारसे चिकटत नाही आणि भूजलाबरोबर वाहत जाते. शरीरातही ते असेच शिरते. त्याचा आकार सल्फेटसारखा असल्याने पेशी त्याला सल्फेट समजून दार उघडते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमहून जास्त नसावे असे भारतीय मानक सांगते. पीण्याच्या भूजलात क्रोमियम आढळल्याच्या नोंदी सरकारी अहवालांत अनेक वर्षांच्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक समूहांना प्रदूषणाचे गुण दिले, त्या यादीतही पीण्या होते. मराठी कानाला इथे एक विचित्र श्लेष ऐकू येतो, फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाचा: पीण्याचे पाणी पिण्याचे उरलेले नाही. पश्चिम बेंगळुरूचे सांडपाणी वाहून नेणारी वृषभावती पुढे अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. त्याच कावेरीचे पाणी वरच्या अंगाला उचलून, सुमारे शंभर किलोमीटर पंपांनी चढवून, या शहराला पाजले जाते.

बुडबुड्यांच्या तुषारांवरही उपाय निघाले. पृष्ठभागावर प्लॅस्टिकचे गोळे तरंगत ठेवणे हा एक. द्रावणाचा पृष्ठताण कमी करणारे रसायन घालणे हा दुसरा. बुडबुडा मग हळुवार फुटतो आणि तुषार उडत नाहीत. या कामासाठी जगभर पीएफओएस नावाचे फ्लोरिनयुक्त रसायन वापरले गेले. कामगाराचे नाक वाचले. पण हे रसायन निसर्गात जवळजवळ विघटित होत नाही असे लक्षात आले आणि २००९ मध्ये स्टॉकहोम कराराखाली त्याच्यावर निर्बंध आले. हवेतला उपद्रव पाण्यात हलवला गेला होता. उपाय करणाराही नामानिराळा राहिला नाही.

*

या सगळ्याचा दोष कोणाला द्यायचा? प्लेटिंगवाल्याला देणे सगळ्यांत सोपे. तो छोटा आहे, त्याच्याकडे गाळ आहे, तपासणीला माणूस त्याच्याच दारात येतो. पण त्याला जो दर मिळतो त्यात गाळाची किंमत धरलेली असते का? पाच-दहा पैशांसाठी एका प्लेटिंगवाल्याकडून दुसऱ्याकडे जाणारी कंपनी आपल्या वार्षिक अहवालात स्वच्छ असते, कारण प्लेटिंग तिच्या फाटकाच्या आत होतच नाही. इथे नामानिराळेपणाचे दोन प्रकार वेगळे दिसतात. प्लेटिंगवाला अदृश्य आहे पण अलिप्त नाही. सगळे त्याच्या अंगाला लागते. कंपनी मालावर ठळक दिसते आणि अलिप्त राहते. एकाला श्रेय नाही, दुसऱ्याला दोष नाही. चमकदार तोटी विकत घेणारे आपण तर दोन्ही याद्यांत नसतो.

म्हणून फिंके यांचा प्रश्न मला केवळ तांत्रिक वाटत नाही. काम खरोखर कोण करतो आहे, आणि करता करता त्याच्यातून काय गळते आहे, हे विचारल्याशिवाय श्रेय देऊ नका आणि दोषही देऊ नका, असे तो सांगतो. प्रयोगशाळेत हा प्रश्न विचारायला दोन वर्षेसुद्धा लागली नाहीत, कारण तिथे प्रतिस्पर्धी होता, उपकरण होते आणि दुसऱ्याचा दावा तपासण्याला प्रतिष्ठा होती. पाण्यात उतरलेला धातू ज्या जातीच्या उपकरणाने प्रयोगशाळेत मोजतात, त्याच जातीच्या उपकरणाने बोअरवेलच्या पाण्यातलेही क्रोमियम मोजता येते. प्रश्नही अक्षरशः तोच आहे: पाण्यात किती उतरले? एका ठिकाणी तो विचारला की निबंध सुधारतो. दुसऱ्या ठिकाणी तो विचारणाऱ्याला कारखाने बंद पाडायला निघालेला म्हणतात.

*

यावरून हायड्रोजनच नको, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तसे म्हणणाराही नामानिराळा राहत नाही. खताचा अमोनिया आणि तेलशुद्धीकरण यांना हायड्रोजन आजही लागतोच. आपल्या देशात तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि तसा एक किलो बनवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. युरियाच्या गोणीत तो हिशेब आधीच शिवलेला आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले. हे उद्दिष्ट चांगले आहे.

पाण्याच्या प्रमाणाची भीतीही फुगवू नये. एक किलो हायड्रोजनला रासायनिक हिशेबाने नऊ किलो पाणी लागते. शुद्धीकरण आणि थंडावा धरला तर त्याहून बरेच जास्त. तरी नुसत्या रासायनिक हिशेबाने ५० लाख टनांना वर्षाला साडेचार कोटी टन पाणी होते. पाचवा टप्पा सुरू होण्याआधी बेंगळुरूला कावेरीतून रोज सुमारे १४५ कोटी लिटर पाणी येत असे. त्या मापाने हे एका शहराचे साधारण महिन्याभराचे पाणी. देशाला ते परवडेल; ज्या तालुक्यातून उचलले जाईल त्याला परवडेल का, हा प्रश्न वेगळा.

खरी चिंता मोजमापाच्या हद्दीची आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने 'हरित' हायड्रोजनची व्याख्या ठरवली. बारा महिन्यांच्या सरासरीने एका किलोमागे दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड-समतुल्य उत्सर्जन नको, आणि ते मोजायचे उगमापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत. मर्यादा कडक आहे आणि तिची गरजच होती. पण ती कार्बनची आहे. उत्प्रेरकाचा धातू कुठल्या खाणीतून आला, इलेक्ट्रोलायझरच्या निकेलच्या मुलाम्याचे धुवण कुठे गेले, झिजलेले ध्रुव कोणी उकलले, हे त्या व्याख्येत बसत नाही. इलेक्ट्रोलायझरचे भागही कुठल्यातरी पीण्यातच मुलामा घेऊन येतील. नवा उद्योग जुन्याच टाक्यांवर उभा राहतो. फाटकाच्या आत मोजलेली हिरवाई खरी असू शकते आणि फाटकाखालून वाहणारे पाणी पिवळे असू शकते. दोन्ही एकाच वेळी.

पान जे करते ते आपल्याला करता येणे अशक्य नाही. पान झीज नाकारत नाही. झिजणार हे धरूनच त्याने दुरुस्तीची व्यवस्था कामाच्या आतच बसवली आहे. त्यासाठी वेगळे खाते नाही, नंतर कधीतरी येणारा निधी नाही. बॉस्टनजवळ मॅसॅच्युसेट्समध्ये डॅनिएल नोसेरा आणि मॅथ्यू कानन यांनी २००८ मध्ये मांडलेला कोबाल्ट-फॉस्फेट उत्प्रेरकही याच धर्तीचा होता. त्यातला कोबाल्ट पाण्यात उतरतो, आणि द्रावणातले फॉस्फेट त्याला परत ध्रुवावर बसायला मदत करते. त्याने न गळण्याचा दावा केला नाही, गळलेले परत आणण्याची सोय केली. जबाबदारीची याहून प्रामाणिक व्याख्या मला ठाऊक नाही.

डिलिव्हरी चलनावर भागाचे नाव असते, नग असतात, वजन असते, दर असतो. या चमकीमागे किती गाळ निघाला आणि तो कुठे गेला, याला त्यावर रकाना नसतो. तो घातला तर प्लेटिंगवाल्याचे नाव पहिल्यांदा हिशेबात येईल, कंपनीचेही येईल, आणि तोटीची किंमत थोडी वाढेल. ती वाढ आपण दुकानात उभे राहून कशी घेतो, त्यावर ठरेल की नामानिराळे कोण राहिले.